माझ्या खुब्यातलं पोर्तुगाल

उमेळ्याच्या नव्या इमारतीतल्या योगवर्गात पहिल्याच आठवड्यात माझा उजवा खुबा ठणकायला लागला. बसून पायांचे तळवे जुळवायचे आणि दोन्ही गुडघे जमिनीकडे न्यायचे, एवढंच आसन. माझा गुडघा अर्ध्यावर अडायचा. माझं आडनाव ऐकल्यापासून सरांना सगळं कळून चुकलं होतं.

"तुमच्यात पोर्तुगीज रक्त ना? गोऱ्यांचा खुबा असाच, खुर्चीवर बसणारा. मांडी घालणं आपल्या रक्तात असतं. रेटत राहा, सैल होईल."

माझी आई गिरीजच्या वाडीत जन्मभर उकिडवी बसून भाजी खुडत आली. घरात पहिली खुर्ची आली ती मी शाळेत शिकवायला लागल्यावर. पण आमच्यातलेच काही दीडशहाणे लग्नात घारे डोळे दाखवत पोर्तुगीज पूर्वज मिरवतात, मग परक्याला कोणत्या तोंडानं बोलणार? मी रेटत राहिले.

माझ्याबरोबर शेजारीण यायची. ती हिंदू, मी ख्रिस्ती. पण गाव एक, वाडीचा बांध एक, घरातली बोलीही एक. आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला त्याआधी दोघींचं कूळही एकच होतं, असं तिचे वडील सांगायचे. दिवाळीनंतर तिचाही खुबा दुखायला लागला. सर लगेच म्हणाले, "ताई, हे लक्षण बरं नाही. आसन थांबवा, डॉक्टरांना दाखवा." तिनं दाखवलं. मी चटईवर माझ्या रक्ताशी भांडत बसले.

पुढे मला जिना चढवेना, तेव्हा तीच मला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी दोघींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दोघींच्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ. तिची वेळेवर कळली म्हणून साध्या व्यायामावर भागलं. माझी रेटून रेटून झिजली होती, आता खुबा बदलण्यावाचून इलाज नव्हता.

"हे घराण्यात चालत येतं," डॉक्टर म्हणाले. "सख्ख्या बहिणी का?"

"छे हो," ती घाईघाईनं म्हणाली, "ह्या ख्रिश्चन आहेत."

ऑपरेशन नीट झालं. सर परके होते, त्यांचं बोलणं मी विसरलेही. तिचं विसरवत नाही.