मोरीचा अर्धा वाटा

आमच्या रानाच्या कडेने जालन्याची रेल्वे लाईन जाते. लाईनच्या पलीकडे माळ, अलीकडे आमची शाळूची जमीन, आणि जमीन संपते तिथे नदी. त्या काळी माळावर हरणांचा कळप असे. हिवाळा सरता सरता माळावरचं पाणी आटायचं, मग हरणं नदीवर यायची. आमच्या शिवारापुरत्या लाईनच्या दोन्ही अंगांना तारा होत्या, त्यामुळे भराव चढून येणं त्यांना जमत नसे. ती यायची भरावाखालच्या दगडी मोरीतून. पावसाळ्यात त्या मोरीतून ओहोळ वाहायचा. दसऱ्यानंतर तळ कोरडा पडला की कळप एकामागून एक तिच्यातून निघायचा आणि आमच्या रानातून नदी गाठायचा.

वडील त्या वाटेवर कधी पेरत नसत. मोरीच्या तोंडापासून नदीपर्यंत, तोंडाच्याच रुंदीचा एक पट्टा ते पडीक ठेवायचे. पट्ट्याच्या दोन्ही कडांना बोरीच्या काट्या लावायचे, म्हणजे हरणं वाट सोडून पिकात शिरत नसत. तरी थोडंफार खायचीच. एवढी जमीन वाया का घालवता, असं कुणी म्हटलं की वडील म्हणायचे, "रेल्वे आल्ती तवा तिनं बी मोरी ठिवली. मंग आपुन बुजवणारे कोण?"

वडील गेल्यावर दादाची आणि माझी वाटणी झाली. दादा गावात राहून शेती बघायचा. मी गावातच राहून जालन्याच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी करत होतो, रोज रेल्वेने जाऊन येऊन. पुढे भांडण नको म्हणून सगळं मोजूनच व्हावं, असा आग्रह मी धरला. साखळी घालून जमीन मधोमध विभागली. मधली रेघ वडिलांच्या पट्ट्यावरून येऊन मोरीच्या तोंडाच्या मध्यावर थांबली. तोंड नऊ फूट. साडेचार दादाचं, साडेचार माझं. इतकी चोख मोजणी झाली याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

शाळू उगवला की ज्याने त्याने आपल्या हद्दीला काट्या लावायच्या आणि दुसऱ्याच्या काटीला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. त्या वर्षी दादाने पट्ट्यातला आपला अर्धा भाग नांगरला. आता सगळा कळप माझ्याच अर्ध्यातून जाणार आणि माझंच पीक खाणार, असा हिशेब करून मीही माझा अर्धा नांगरला. दादाने त्याच्या साडेचार फुटांपुढे काट्या लावल्या, मी माझ्या. मोरी बुजवायची असं आम्ही दोघंही कधी म्हणालो नव्हतो. दोघांनी आपापली हद्द राखली आणि मोरी बुजली.

पौषातल्या एका सकाळी मी नेहमीच्या पॅसेंजरने जालन्याला निघालो होतो. आमचं शिवार आलं तशा शिट्ट्यांवर शिट्ट्या सुरू झाल्या आणि धक्के देत गाडी थांबली. लोक उतरले, मीही उतरलो. इंजिनाजवळ दोन हरिणी पडल्या होत्या. एक गेलेली होती. दुसरी मान उचलू बघत होती, तीही थोड्या वेळात थांबली. हरणं शिवाराच्या टोकाच्या रेल्वे फाटकातून लाईनीवर शिरली होती. दोन्हीकडे तारा, मागून गाडी, म्हणून रुळांवरूनच पळत आली होती. पडल्या त्या मात्र नेमक्या मोरीच्या वर. कळपातली बाकीची फाटकाकडे उलटी पळाली, असं कुणी सांगत होतं.

"हिथून तर खालून जायची की हरणं," डब्यातला एक भाजीवाला म्हणाला. मग त्याने तारांवरून खाली वाकून पाहिलं. "हे बघा! मोरीच्या तोंडाला काट्या ठोकल्यात. कुण्या शहाण्याचं रान हाय हे?"

"शहाण्याचं न्हाई, दोन शहाण्यांचं," दुसरा म्हणाला. "मधून बांध दिसत न्हाई का?"

लोक हसले. माझ्या शेजारी रोज बसणारे एक मास्तर होते. रान कुणाचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बिडी पेटवायला तोंड दुसरीकडे केलं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

शिट्टी झाली, लोक चढले. मला चढवेना. गाडी गेल्यावर मी तारांतून वाकून खाली उतरलो. दादा मोरीपाशी उभा होता. वरचं सगळं बोलणं त्याने ऐकलं असणार. मी माझ्या बाजूच्या काट्या ओढायला लागलो.

"आज कामावर न्हाई गेला?" दादा म्हणाला.

"न्हाई."

"तुझ्या तू काढ. माझ्याला हात लावू नको, मोजणीदार. बराबर साडेचार फूट."

मी बरोबर साडेचार फुटांतल्या काट्या काढल्या आणि घरी आलो. त्यापुढे रोज सकाळी गाडीला जाण्याआधी मी मोरीपाशी जाऊन खुरांचे ठसे बघायचो. पलीकडून खुरं मोरीत यायची, काट्यांच्या आतच घोटाळायची आणि परत फिरलेली दिसायची. अर्ध्या उघड्या तोंडातून एकही हरिण बाहेर पडलं नव्हतं. दादाशी बोलावं असं रोज वाटायचं. पण पहिला शब्द त्याचा असावा असंही वाटायचं.

रविवारी वहिनी दादाची भाकरी घेऊन रानात आल्या. मी माझ्या बाजूला उभा, दादा त्याच्या. वहिनींनी भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि सरळ मोरीपाशी जाऊन दादाच्या काट्या हातानेच उपसू लागल्या.

"अगं, हात फुटतील!" दादा ओरडला.

"फुटू द्या. दोन बाप्ये मिळून एक भोक उघडंना तुमच्यानं. मामंजी असते तर दोघायच्या बी पाठीत काठी घातली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुमी काय बघून राह्यले? का ह्या माझ्या हद्दीतल्या न्हाईत म्हनता?"

दादाने काट्या उचलायचं दुबेळकं आणलं आणि वहिनींना बाजूला केलं. मी त्याच्या बाजूच्या काट्यांना हात घातला. त्याने अडवलं नाही. दुपारपर्यंत तोंड मोकळं झालं.

त्या वर्षी कळप मोरीतून आला नाही. पट्ट्यात पीक उभं होतं आणि ते मोडायला आम्हा दोघांचंही मन धजलं नाही, हेही सांगायला हवं.

पुढच्या पेरणीला मी माझ्या बाजूचा पट्टा सोडला. दोरी धरून, साडेचार फूट, नदीपर्यंत. दादाही पेरून मोकळा झाला होता. तिफण बांधावर उभी करून तो विहिरीकडे गेला, तेव्हा मी त्याच्या बाजूला किती सोडलंय ते मोजायला गेलो. मोजायला गेलो, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

साडेचार फूट संपले तिथे त्याची पेर सुरू होत नव्हती. त्यापुढेही तिफणीची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, त्याने मोकळी सोडली होती, थेट नदीपर्यंत. मला तो त्याबद्दल कधी एक अक्षर बोलला नाही.

संक्रांतीनंतर कळप आला. पाणी पिऊन गेला तेव्हा आम्ही दोघं खुरं बघायला गेलो. सगळी वाट दादाच्या अंगाने पडली होती. माझ्या साडेचार फुटांत दोन-चारच खुरं होती.

"तुझ्याकडून जायला भीत असतील," दादा म्हणाला आणि हसला.

मला हसता आलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर मीही दोन तासं जास्त सोडली. पण ती दादाची बघून सोडलेली होती.