केतकीच्या टीमच्या गावी

डब्लिनहून निघालो तेव्हा सकाळ झाली होती, पण उजाडल्यासारखं काही वाटत नव्हतं. हे डब्लिन ओहायोतलं, कोलंबस शहराचं उपनगर. माझी धाकटी बहीण नंदा लग्न झाल्यापासून तिथेच आहे. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतून खेळाची शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले आणि २००७च्या जानेवारीत तिच्याकडे गेले. तिची मुलगी केतकी सुट्टीला घरी आली होती आणि आता मिशिगनच्या उत्तर टोकाला, आपल्या कामाच्या गावी परत निघाली होती. मी तिच्याबरोबर जावं हे नंदानं परस्पर ठरवलं. दशम्यांचा डबा हातात देताना तिनं मला बाजूला घेतलं.

"ताई, तुझं ती ऐकेल. पुरे झालं म्हणून सांग तिला. घरी घेऊन ये."

केतकी आइस हॉकी खेळायची. बर्फाच्या मैदानावर, ज्याला तिकडे रिंक म्हणतात, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून पक (रबराची काळी चकती) काठीनं मारत न्यायचा तो खेळ. आता ती तिथल्या मुलींच्या क्लबची कोच होती. गाडीत ती फार बोलली नाही. काळा चष्मा घालून, दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवून बसली होती. सपाट शेतं, त्यांच्यावर पातळ बर्फ, अधूनमधून एखादं लाल कोठार. दुपारनंतर बर्फ दाट होत गेलं. रात्री आम्ही एका मोटेलात उतरलो आणि गार दशम्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मिशिगनचे दोन भाग जोडणारा तो लांबलचक पूल लागला. खाली सरोवर गोठलेलं होतं. पलीकडे पोचताच आभाळ उघडलं आणि सगळीकडून लखलखाट झाला. मला ते फार सुंदर वाटलं. केतकीनं मात्र एका पेट्रोल पंपावर गाडी वळवली, इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटवर जाऊन तोंडावर जाकीट ओढून निजली.

मला गाडी चालवता येत नाही. थोड्या वेळानं पंपाची मालकीण काचेवर टकटक करू लागली. मुलगी प्यायलेली आहे का, असं तिला विचारायचं होतं. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिनं एका पिशवीत बर्फ आणून दिलं आणि मला आत बसवून पेस्टी खायला दिली. पेस्टी म्हणजे मांस-बटाट्याची वीतभर करंजी. पूर्वी खाणीत काम करणारे लोक ती खिशात घालून नेत, असं तिनं सांगितलं. माझ्यासाठी तिनं बिनमांसाची शोधून काढली होती. चव मिठामिऱ्याची, पण ऊब होती तिच्यात.

ऊन कललं तेव्हा केतकी उठून बसली आणि मग आपण होऊन बोलली. लहानपणी तिच्या गावात मुलींची टीमच नव्हती, म्हणून ती मुलांमध्ये खेळली. पुढे त्या खेळाच्या जोरावर पूर्वेकडच्या एका कॉलेजात शिकली. नंतर बायकांच्या एका लीगमध्ये खेळली. तिथे पगार नसे. सकाळी कॉफीच्या दुकानात काम आणि संध्याकाळी सराव. राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं त्याच महिन्यात ती रिंकच्या कठड्यावर डोक्यानं आपटली. तिनं कोणाला सांगितलं नाही. पुढच्या सामन्यात पुन्हा आपटली, पॅसेजमध्ये जाऊन ओकली आणि परत येऊन खेळली. शिबिरात तिला पक दोन दिसायला लागले. तिथून घरी पाठवलं ते कायमचं. तेव्हा ती चोवीसची होती. अजूनही बर्फावर लख्ख ऊन पडलं की तिचं डोकं दुखायला लागायचं.

गाव खाणकामगारांचं होतं, उतरणीला आलेलं. अर्धी दुकानं बंद होती. केतकीची खोली एका घराच्या माडीवर होती, खिडक्यांना जाड काळे पडदे. संध्याकाळी मी रिंकवर गेले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, हेल्मेटखाली वेण्या. केतकीला शिट्टीचा आवाज सहन होत नसे, म्हणून ती काठी बर्फावर आपटायची आणि सगळ्या जागच्या जागी थांबायच्या. मी इतकी वर्षं खो-खो शिकवला, मला शिस्त ओळखता येते. नंदाचा निरोप सांगायचा मला धीर होईना. जिच्याकडे एवढंच उरलंय तिला ते सोड कसं म्हणायचं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी हंगामातला मोठा सामना होता. जिंकला तर पुढे राज्याच्या स्पर्धेला जायचं. गावातली बरीच माणसं आली होती. माझ्या शेजारी मेगनचे वडील बसले होते, रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवणारे. मेगन ही टीममधली सर्वांत चपळ मुलगी. हा सामना बघायला एका कॉलेजचा माणूस आलाय, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

सामना बरोबरीत असताना मेगन पकच्या मागे गेली, पाय निसटला आणि ती डोक्यानं कठड्यावर आदळली. लगेच उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केतकीनं तिला बाकावर बोलावून हेल्मेट काढायला लावलं आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिली. मेगन पुन्हा पुन्हा मान हलवत होती, काही झालं नाही म्हणत होती. केतकीनं तिची काठी काढून घेतली.

मेगनचे वडील जिना उतरून खाली धावले, मी त्यांच्या मागे. क्लबच्या समितीचे एक गृहस्थही आले. डोक्याला जरा झिणझिण्या आल्या तर एवढं काय, असं ते म्हणत होते. वडिलांचा आवाज चढला. "ती ठीक आहे म्हणतेय ना? मग?"

केतकी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मीपण असंच म्हणायचे." आणि पुढचा खेळ बघू लागली.

सामना हरलो. मेगन टॉवेलात तोंड खुपसून रडत होती. केतकी तिच्या शेजारी जाऊन बसली तशी ती उठून दुसरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी समितीतली दोन माणसं माडीवर आली. फार अदबीनं बोलली. केतकीची तब्येत, पालकांची नाराजी, उरलेल्या हंगामापुरता दुसरा कोणी बघू. त्या आठवड्यात ती आपलं सामान आणायला रिंकवर गेली तेव्हा मी बरोबर होते. नवा कोच शिट्टी वाजवत होता. बर्फावर मेगन होती, सगळ्यांच्या पुढे पळत होती. रिंकभोवतीच्या काचेअलीकडून केतकीनं तिला हाक मारली. मेगननं पाहिलं आणि मान वळवली. शिट्टी पुन्हा वाजली तशी केतकी कानांवर हात धरून बाहेर निघून गेली.

केतकीबरोबर ओहायोला परत येताना आभाळ सगळा वेळ भरून होतं, त्यामुळे गाडी कुठे थांबवावी लागली नाही. नंदाला हवं ते झालं होतं आणि मला त्यासाठी एक शब्दही बोलावा लागला नव्हता. पूल ओलांडल्यावर मी केतकीला म्हणाले, तू बरोबर वागलीस, एका मुलीला वाचवलंस.

"नाही वाचवली, मावशी. ती खेळतेय ना." मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू? मला आज कोणी कॉल केला ना, एक मॅच खेळ म्हणून, तर मी जाईन. आय वुड गो. डोक्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

 मी पाण्याची बाटली पुढे केली. ती तिनं घेतली नाही.

मार्चमध्ये मी साताऱ्याला परतले. निघाले तेव्हा केतकी आपल्या लहानपणच्या खोलीत पडदे ओढून झोपली होती. नंदानं उठवू का विचारलं, मी नको म्हटलं. भेटायला येणाऱ्यांना मी गोठलेल्या सरोवराबद्दल सांगते. त्याच्यावरून लोक गाड्या नेतात, भोक पाडून मासे धरतात, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटतं. भाची काय करते असं विचारलं की कोच आहे म्हणते, कारण नंदाही अजून तसंच सांगते.

परवा शाळेनं क्रीडादिनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मुली उन्हात रांगा करून बसल्या होत्या, काहींचे गुडघे फुटलेले. खेळानं माणूस घडतो, पडलं तरी उठावं, हे मी या मैदानावर वर्षानुवर्षं बोलत आले आहे आणि ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. माइकपाशी उभी राहिले, मुली टाळ्या वाजवून शांत झाल्या. मी त्यांना लवकर सावलीत जा म्हणाले आणि खाली बसले.