खरं बोलणारा स्पीकर

दवाखान्यात त्यांना सगळे कानमास्तर म्हणत. डॉक्टर नव्हते ते, कान तपासणारे होते. जाड दाराच्या, भिंतींना फोम लावलेल्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेच्या अलीकडून एकेक सूर सोडायचा. सूर ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. इतकं सोपं काम, पण त्यात लोक किती लबाड्या करत! कारखान्यातले कामगार, बसचे ड्रायव्हर, नोकरीवर गदा येईल या भीतीने काहीही ऐकू येत नसताना बटण दाबत राहायचे. काचेतून मास्तरांच्या खांद्याकडे डोळे लावायचे, खांदा हलला की दाबलं बटण. म्हणून मास्तर प्रत्येकाला काचेकडे पाठ करून बसवत. वर मधूनच सूर न सोडता नुसतं थांबत आणि समोरच्याने बटण दाबलं की मिशीत हसत. "कान जायला लागला ना," ते चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवत, "की माणूस पहिल्यांदा दुसऱ्याला म्हणतो, जरा स्पष्ट बोल."

हे वाक्य त्यांचं इतकं लाडकं होतं की आल्यागेल्याला ते हमखास ऐकावं लागे.

मास्तरांना तरुणपणापासून गिटारचा नाद. लग्न झालं तेव्हा संसारात भांड्यांपेक्षा गिटारच्या तुटक्या तारा जास्त होत्या, असं त्यांची बायको सांगे. संध्याकाळी ते वाजवत आणि ती शेजारच्या बुटक्या स्टुलावर शिवणाचं काही घेऊन बसे. भिंतीला डोकं टेकून ती ऐकायची, आणि शिवण तसंच राहायचं. मग मुलगी झाली, अभ्यास आले, परीक्षा आल्या, गिटार कपाटावर गेली. मुलीचं लग्न झालं आणि खोली रिकामी झाली तशी गिटार पुन्हा खाली उतरली.

जावई हौशी. गिटारला जोडायची एक इलेक्ट्रॉनिक पेटी त्याने स्वतःसाठी नवी घेतली, म्हणून आपली जुनी सासऱ्यांना दिली. बिस्किटांच्या डब्याएवढी ती पेटी, पण तिच्यात नाना जातींच्या अँप्लिफायरच्या हुबेहूब नकला भरलेल्या. बटण फिरवलं की हा आवाज, पुन्हा फिरवलं की तो. मास्तर लहान मुलासारखे हरखले. बायको आता पुन्हा स्टुलावर येऊन बसेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. तसं ते बोलले नाहीत. या वयात कोण बोलतं?

पण ती येईना. मास्तरांनी गिटार उचलली की तिला नेमका ओटा पुसायचा असे, नाहीतर गच्चीतले कपडे आठवत. मास्तरांनी ठरवलं, दोष स्पीकरचा आहे.

आधी त्यांनी पेटी टीव्हीच्या स्पीकरना जोडली होती. त्यांतून नुसती धमधम. मग गिटारचा रीतसर अँप आणला, तर आवाज गोधडीतून आल्यासारखा. वाद्यांच्या दुकानदाराने समजावलं, "काका, पेटी आधीच एका अँपची नि त्याच्या स्पीकरची नक्कल करतेय. त्यावर हा अँप आपला रंग फासतो. पावडरवर पावडर झाली ही. तुम्हाला असा स्पीकर हवा, जो स्वतःचं काही घालत नाही. पेटी जे बोलेल, ते तसंच सांगणारा. स्टुडिओत वापरतात तो."

"म्हणजे खरं बोलणारा."

"बरोब्बर."

मास्तरांना हे फार पटलं. खरं काढून घेण्यातच त्यांची हयात गेली होती. अँप परत देऊन त्यांनी टेबलावर मावतील असे दोन स्पीकर आणले, दुकानदाराच्या सांगण्यावरून भिंतीपासून पुढे ओढले, कानांच्या उंचीवर आणले. वाजवलं. आवाज बोथट! तारेवर नखी लागते तेव्हाची ती खणखणीत कड कुठे गेली? त्यांनी पेटीतला तिखटपणा वाढवला. मग आणखी वाढवला. शेवटी स्पीकर बदलून दुसऱ्या कंपनीचे आणले. तेही बोथट. तिसरे आणले, त्यांचीही तीच रड.

"यांना जरा स्पष्ट बोलायला काय होतं?" ते चिडून म्हणाले. आपण काय बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

याच दिवसांत बायकोचं वागणं त्यांना खटकू लागलं. हाक मारावी तर ती ओ देईना. खोलीतून तिसऱ्यांदा ओरडावं तेव्हा दारात येऊन "काय म्हणालात?" विचारी. एका रविवारी मुलगी-जावई जेवायला आले असताना मास्तरांनी वाजवून दाखवलं आणि लगेच पाणी मागितलं. ती आपली भांडी आवरतेय. मास्तर सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "हिचे कान गेले बरं का! कानमास्तराची बायको आणि बहिरी. दिव्याखाली अंधार तो हाच. उद्या हिला काचेत बसवतो."

जावई अवघडून हसला. मुलीने आईकडे पाहिलं. आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आत गेली.

शेवटी मास्तर पेटी आणि गिटार घेऊन दुकानात धडकले. स्पीकर खोटे आहेत, हे चार लोकांसमोर सिद्धच करायचं होतं त्यांना. शनिवारची गर्दी होती. दुकानदाराने पेटी दुकानातल्या तशाच, पण मोठ्या स्पीकरना जोडली आणि मास्तरांनी घरी जमवून ठेवलेला, महिनाभर घासूनपुसून केलेला आपला आवाज लावून तारा छेडल्या.

दुकानातली माणसं चटका बसल्यासारखी दचकली. बासरी बघत असलेल्या बाईने शेजारी उभ्या आपल्या पोरीचे कान तळहातांनी झाकले, तरी ती रडायला लागलीच. एक जण "अरे, बंद करा ते!" म्हणून ओरडला. मास्तर मात्र मान वर करून म्हणाले, "बघा. कुठे आहे जीव आवाजात?"

दुकानदाराने हात पुढे करून आवाज खाली केला. चांगला माणूस होता, जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला हे कमी वाटतंय?"

त्या सुरात त्यांनी स्वतः हजारदा विचारलं होतं. काचेतून बाहेर आलेल्या माणसाला, त्याचा पाणउतारा होऊ नये म्हणून, अगदी याच हळू आवाजात. मास्तरांचे कान गरम झाले. त्यांनी काहीतरी पुटपुटत वायर गुंडाळली. पोरगी अजून रडत होती. तिच्या आईला "माफ करा" म्हणायचंही त्यांना सुधरलं नाही.

सोमवारी सकाळी ते दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचले. रोज पहिलं काम ठरलेलं: मशीन ठीक आहे ना, हे स्वतःच्या कानांनी ऐकून पाहायचं. हेडफोन लावायचे, एकेक सूर सोडायचा, ऐकायचा, मान डोलवायची. सूर सुटला की मशीनवर एक बारीक हिरवा दिवा लागतो. आज मास्तरांनी डोळे मिटले.

जाड सूर आले, मधले आले. मग पुढचा बारीक सूर सोडला आणि ते वाट बघत राहिले. कानांत काहीच आलं नाही. त्यांनी डोळे उघडले. हिरवा दिवा लागलेला होता.

इतकी वर्षं ते दिवा ऐकत होते. कामगार त्यांच्या खांद्याकडे बघत, ते दिव्याकडे. फरक इतकाच की कामगारांची भाकरी त्यावर होती आणि यांना तर कोणी विचारतही नव्हतं. आपणच आपल्याला फसवून रोज मान डोलवत होतो, याची त्यांना अशी शरम वाटली की मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय ज्या मशीनची खात्री ते देत होते, त्या खात्रीला काय अर्थ राहिला? हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सांगायलाच हवं होतं. त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत.

बाईंनी आधी स्वतः मशीन तपासलं. ते ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "मास्तर, बसा आत."

ते काचेकडे पाठ करून बसले. सूर येत गेले, ते बटण दाबत गेले. मग शांतता झाली. आता एक यायला हवा, हे त्यांच्या बोटाला ठाऊक होतं. बोटाने बटण दाबलं.

बाईंनी दार उघडलं. "मास्तर, आता मी काही वाजवलंच नव्हतं."

कानमास्तरांनी मान खाली घातली. त्यांची स्वतःची युक्ती होती ती. "पुन्हा घ्या," ते म्हणाले. "आता खरं सांगतो." या वेळी बारीक सुरांच्या वेळी बटणावरचं बोट हललं नाही. वयाचं आहे, ऐकायचं यंत्र लावून पुष्कळ फरक पडेल, असं बाई म्हणाल्या. तेच ते सगळ्यांना सांगत. स्वतः ऐकायला फार कठीण गेलं.

घरी आले तेव्हा बायको गच्चीतून कपडे आणत होती. "अगं," ते दारातच म्हणाले, "माझेच कान गेलेत."

तिने कपड्यांचा ढीग पलंगावर ठेवला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. फडताळातून एक लहान डबी काढून तिने त्यांच्यापुढे ठेवली. डबीत कापसाचे बोळे होते, नीट वळलेले.

"तुम्ही वाजवायला लागलात की घालत होते," ती म्हणाली. "कधी काढायचे राहून जायचे. म्हणून ओ द्यायला उशीर व्हायचा."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? जावयासमोर मी तुला बहिरी म्हणालो!"

"इतक्या हौसेने वाजवत होतात. काय बोलायचं?"

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी आजवर लोकांनाच ऐकवली होती. तीन-तीन स्पीकरना खोटं ठरवलं आणि घरातल्या एका माणसाला चारचौघांत हसं केलं.  त्यांनी गिटार घेतली, पेटी लावली आणि तिचं तिखटपणाचं बटण बायकोपुढे केलं.

"तू फिरव. तुला बरं वाटेल तिथे थांब."

ते तारा छेडत राहिले, ती बटण खाली आणत गेली. आवाजाची कड गेली, मग चमक गेली. आणखी खाली आल्यावर मास्तरांना शेजारच्या घरात कोणी वाजवत असल्यासारखं ऐकू येऊ लागलं. "अजून?" त्यांनी विचारलं. "थोडं," ती म्हणाली, आणि मग थांबली.

"हं. आता छान आहे."

त्यांना छान वाटत नव्हतं. त्यांना अर्धंच ऐकू येत होतं, पण त्यांनी ते मानलं. तिने कपड्यांच्या ढिगातून बटण तुटलेला एक सदरा उचलला, सुईदोरा घेतला, बुटकं स्टूल पायाने ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. मास्तर वाजवू लागले. मधूनच बोटं चुकली की नाही हे आता त्यांना स्पीकरवरून कळत नव्हतं, म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने तिने भिंतीला डोकं टेकलं. सदरा तिच्या मांडीवर तसाच राहिला.