तुंगार्लीच्या घरातला तिसरा हिस्सा

परवा लोणावळ्यात नातवाबरोबर फ्लॅट बघायला गेले होते. तो एजंटशी लोन, पार्टनरशिप, रेंटल इन्कम असं बरंच काही बोलत होता... मी मात्र मनाने केव्हाच जवळच्या तुंगार्ली गावात पोचले होते.

वय शहाण्णव माझं. मी सांगतेय, नातसून टाइप करतेय... चुका तिच्या!

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी लोणावळ्यात मुलींच्या शाळेत नवीन शिक्षिका होते. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर त्यांचा प्रॉव्हिडंट फंड आईच्या हाती आला. त्यात घर येत नव्हतं, आणि तो नुसता ठेवून आम्हा दोघींचं आयुष्य निघणार नव्हतं.

तेव्हा मुंबईची माणसं उन्हाळ्यात हवापालटाला यायची, भाड्याने बंगली शोधायची. तुंगार्लीच्या धोंडूआबांकडे एक खडकाळ तुकडा होता, भात न पिकणारा. "इकायचा न्हाई," ते म्हणाले, "पन हितं घर बांदलं तर माजी ना न्हाई."

तिसरे हुसेनभाई, कार्ल्याचे गवंडी. जमीन नाही, पैसा नाही, पण हात असा की बंगलेवाले त्यांच्यासाठी थांबून राहायचे.

मग ठरलं. जागा आबांची, ती त्यांच्याच नावावर राहणार. सामान आमच्या पैशातून. हुसेनभाईंनी मजुरी न घेता बांधायचं, आणि भाड्यात तिघांना सारखा हिस्सा. छपराला पैसे कमी पडले, तेव्हा मुंबईच्या एका कुटुंबाने तीन उन्हाळ्यांचं भाडं आगाऊ दिलं... अट एकच, एप्रिलमध्ये घर तयार हवं.

जानेवारीत हुसेनभाई परांचीवरून पडले. पाय मोडला.

भिंती खिडक्यांच्या वर आल्या होत्या. आबा आणि मी वडगावला, ज्याने आमचा करार लिहिला त्या दस्तलेखकाकडे गेलो. तो म्हणाला, "काम पूर्ण करील तर हिस्सा, असं लिहिलंय. ते झालं नाही, म्हणजे त्याचा हिस्सा संपला. दुसरा गवंडी लावा आणि दोघांत निम्मं निम्मं करा."

खोटं कशाला सांगू... मला बरं वाटलं. वाटेत आबांना तसं म्हणालेही, घरी आईलाही सांगून टाकलं. आबा मात्र एवढंच म्हणाले होते, "आदी हुसेनभाईंना बगून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ल्याला गेलो. आम्ही तोंड उघडायच्या आत हुसेनभाईंनी उशीखालून त्यांची कराराची प्रत काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाई, माजं नाव खोडा. येप्रिल चुकला तर तुमी दोगंबी अडचणीत याल."

त्यांची बायको दाराशी उभी होती, तोंड फिरवून. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी कागदाकडे बघत राहिले... 'हुसेन हे बांधकाम पूर्ण करील.' मुलींना रोज क्रियापदं शिकवणारी मी, आणि हे सुचायला तिथवर जावं लागलं.

"आबा, 'करील'च्या जागी 'करवून घेईल' लिहिलं तर?"

आबा खाटेकडे सरकले. हुसेनभाईंना म्हणाले, "ऐकलंत का? खाटंवर पडून सांगा, दुसरा करंल. त्याची मजुरी मी तांदळात देतो. हाय काय त्यात!"

 हुसेनभाईंनी हात जोडले.

वडगावला जाऊन आम्ही करार नव्याने लिहून घेतला. हाड जरा सांधल्यावर आबांच्या बैलगाडीतून खाट तुंगार्लीला गेली. हुसेनभाई मांडवाखाली पडून ओरडायचे, नवा गवंडी वर बांधायचा... आणि एप्रिलमध्ये मुंबईचं कुटुंब ट्रंकांसकट दारात हजर झालं. घर तयार होतं!

हुसेनभाई काठी टेकत आले, घराला एक फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, मागचा कोपरा जरासा वाकडा हाय... माज्या हातचा न्हाई तो."

पुढे कितीतरी वर्षं ते तीन हिस्से तीन घरी जात राहिले. आबा गेले, हुसेनभाईही गेले. एकोणीस वर्षांच्या पोरीला त्या दोघांनी बरोबरीचं भागीदार मानलं... आणि माझ्या मनात एक दिवस काय आलं होतं, ते ठाऊक असूनही आबांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले होते... म्हणून हे आज.