दीड मिनिटानंतरचा वेग

माझ्या सासऱ्यांइतका संशयी माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा नाही. कुणाला वाटत असेल की आहे, तर त्यानं त्या माणसाला खुशाल आमच्या दिघीच्या घरी घेऊन यावं. सासरे आधी त्याचीच तपासणी करतील. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं गाऱ्हाणं होतं, आता अभिमान आहे, आणि ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. भोसरीच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते निवृत्त झाले, त्यांची तपासणी काही झाली नाही. अजूनही शर्टाच्या खिशात पेनाशेजारी जाडी मोजायचा व्हर्निअर असतो आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी उंबऱ्यावर थांबते. लाल लेबल लागलं की परत जा, हिरवं लागलं की आत ये, आणि पिवळं म्हणजे अजून भरवसा नाही. आमच्या फ्रिजला सहा वर्षं पिवळं लेबल आहे. डॉक्टरांनी रक्तदाब जास्त आहे असं सांगितलं, तर यांनी घाबरायचं सोडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्या मशीनचं कॅलिब्रेशन कवा झालंय?" सासूबाईंच्या पुरणपोळीची जाडी मात्र त्यांनी एकदाच मोजली. पुढचे आठ दिवस घरात दोन्ही वेळा खिचडी शिजली, आणि तेवढं एक खातं त्यांनी कायमचं तपासणीतून वगळलं.

त्यांचा सगळा वेद एका वाक्यात मावतो: "पहिला पीस सगळेच चांगला देतात. शिफ्टचा शेवटचा पीस दाखव." सकाळी मशीन थंड असतं, हत्यार धारदार असतं, माणूस झोप काढून आलेला असतो, तेव्हा माप बरोबर येणारच. खरी गोष्ट कळते ती आठ तासांनी. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, हे गप्प. सगळे गेले आणि अर्ध्या तासानं हे एकटेच दारात हजर, म्हणे छत्री राहिली. मी साडी खोचून, केस सोडून, कढईतले उरलेले पोहे कढईतच खात बसले होते आणि आईला सांगत होते, "मुलगा बरा आहे, पण त्याचे वडील मुके आहेत का गं?" त्यांनी ते ऐकलं, छत्री घेतली आणि रस्त्यावरूनच फोन करून होकार कळवला. ती छत्री त्यांनी मुद्दाम विसरली होती, हे मला लग्नानंतर कळलं. मला हिरवं लेबल लागलं ते असं!

पण या तपासणीची एक बाजू आमच्या घरात कुणी हसत सांगत नाही. माझा नवरा दहावीत असताना कारखान्यात ब्रेकचा एक माल आला, त्यात केसाएवढ्या भेगा होत्या. साहेब म्हणाले, गाडी भरायची आहे, सही करा. सासरे म्हणाले, "नाही करत." साहेबांनी दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली, माल गेला, आणि यांना तपासणीवरून काढून गेटवर बसवलं. आल्यागेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस्स. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं! बरोबरीचे लोक सुपरवायझर झाले, हे गेटवरच. पुढे नवऱ्याच्या कॉलेजची सहल नेमकी तोच कारखाना बघायला गेली. गेटवर वडील बसलेले. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं, पोरानं नाव लिहिलं, आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. नवऱ्यानं हे मला एकदाच सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "एका सहीनं काय बिघडलं असतं?" त्या सहलीच्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलतात. वडिलांनी घरात कशालाही बरं म्हणावं, वाईट म्हणावं, पोराच्या लेखी त्याची किंमत शून्य. मला त्या शून्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू?

तर झालं असं. मी घरी बसून लग्नांच्या फिल्म जोडते. मागच्या महिन्यात माझ्या डेस्कटॉपसाठी पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानातून वेगवान एसएसडी, म्हणजे फाइल साठवायची पट्टी, आणली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी वस्तू, बॉक्सवर आकडा मात्र असा की विमान वाटावं. कॅमेरावाल्याची मेमरी कार्डं तिच्यात उतरवून शनिवारपर्यंत परत द्यायची होती, रविवारी त्याला पुढचं लग्न होतं. मी पट्टी बसवली, वेग मोजायचा प्रोग्रॅम चालवला, बॉक्सवरचा आकडा जसाच्या तसा आला. मी खूश. मागे सासरे उभे.

"ह्याचं काम काय आहे, पोरी?"

"मोठ्या फाइल पटापट लिहायच्या, बाबा."

"एका लग्नाच्या किती?"

"चारशे जीबी तरी."

"आणि आत्ता किती लिहून बघितलीस?"

"एक जीबी."

त्यांनी खिशातून पिवळी लेबलं काढली.

संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी मला सतत लिहीत राहणारा प्रोग्रॅम शोधायला लावला, स्टूल घेतलं, स्टॉपवॉच घेतलं आणि दर पंधरा सेकंदांनी वहीत आकडा. एक मिनिट झालं, वेग तोच. सव्वा मिनिट, तोच. दीड मिनिटानं जो धाडकन पडला, तो माझ्या जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली जाऊन बसला आणि पुढचे दोन तास तिथून हलला नाही. पट्टीत सुरुवातीचा थोडा भाग तेवढा वेगवान असतो, तो भरला की खरं पाणी कळतं. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "थांब. एक रीडिंग म्हणजे अफवा. पट्टी रिकामी कर, थंड होऊ दे, परत लाव." सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज एकदा. तिन्ही दिवशी दीड मिनिट.

नवरा बुधवारी भडकलाच. "बाबा, ही कंपनी नाहीये! तिची कार्डं पडलीत. हिरवं लेबल लावा आणि मोकळे व्हा."

"मी नाही लावत."

"तुम्ही कधी लावलंय! तुमच्या 'नाही'पायी लोकांनीच भोगायचं का?"

सासऱ्यांनी वही मिटली. मग मीच उठले. म्हटलं, "ऑर्डर माझी, पट्टी माझी, आणि ती पास नाही म्हणजे नाही. उद्या गुरुवार, तुझी सुट्टी आहे, गाडी काढ. आपण तिघंही दुकानात जाणार आहोत."

दुकानदारानं पट्टी लावली, छोटी चाचणी घेतली, आकडा आला. "बघा काका, एकदम ओके! पाच स्टारवाला माल आहे."

"आता अजून दोन मिनिटं चालू द्या," सासरे म्हणाले.

गिऱ्हाइकं गोळा झाली. दीड मिनिटानं सगळ्यांच्या देखत आकडा कोसळला.

"अहो काका, एवढं एकदम कोण लिहितं? आणि बॉक्सवर बघा, 'अप टू' छापलंय. एवढ्यापर्यंत जाऊ शकतो, असा अर्थ आहे."

"मी पण भोसरीपर्यंत पळत जाऊ शकतो," सासरे म्हणाले. "एकदा. म्हणून तुम्ही मला रोज टपाल वाटायला ठेवणार का?"

लोक हसले, दुकानदारही हसला. वही हातात घेऊन त्यानं पानं उलटली. तीन दिवसांचे आकडे, तारखा, वेळा, खोलीचं तापमानसुद्धा. तो जरा नरमला. "मानलं काका. कंपनीत काय होतात तुम्ही?"

सासऱ्यांनी खाली बघितलं. "गेटवर होतो. गाड्यांच्या नोंदी करायचो."

"नाही." मागून नवरा बोलला. इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. "इन्स्पेक्टर होते माझे वडील. ब्रेकचा माल खराब होता, सही केली नाही, म्हणून गेटवर बसवलं. अकरा वर्षं बसले, पण सही केली नाही. लिहून घ्या पाहिजे तर!"

लिहून कोण घेणार होतं? दुकानदारानं नुसती मान हलवली आणि मुकाट्यानं दुसरी पट्टी काढली. हिच्या बॉक्सवरचा आकडा निम्मा होता. "दिसायला स्लो आहे काका, पण दमणार नाही." येताना गाडीत दोघं बापलेक पुढे बसले होते आणि दोघंही समोरच्या काचेतून असे बघत होते की जणू दिघीचा रस्ता पहिल्यांदाच बघतायत. मी मागे बसून डोळे पुसत होते, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

त्याच संध्याकाळी तपासणी झाली. आकडे नवरा वाचत होता, सासरे लिहीत होते. पट्टी काठोकाठ भरेपर्यंत वेग हलला नाही. रिकामी करून, थंड करून पुन्हा भरली, तरी हलला नाही. मी म्हटलं, आता लावा की हिरवं. सासऱ्यांनी तपासणीचा कागद पोराकडे सरकवला. "तूच कर सही. माझ्या सहीला आता कोण विचारतंय."

"मी विचारतोय," नवरा म्हणाला. "तुमचीच पाहिजे."

त्यांनी पेन उघडलं. मग सावकाश, एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ मारली, आणि तारखेच्या जागेवर येऊन थांबले.

"आज किती तारीख आहे रे?"

नवरा तारीख सांगायला लागला आणि मधेच तोंड फिरवून खिडकीपाशी गेला, म्हणून वर्ष मी सांगितलं.