सेल्मरचं रिकामं विमान

सेल्मर एंगेब्रेट्सन माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या शेताच्या मधे वारा अडवायला लावलेली झाडांची एक रांग, बस्स. इथून शायेन नदीपर्यंत सगळी आम्ही नॉर्वेहून आलेल्यांची पोरं-नातवंडं. मका, गहू आणि जवस पिकवणारी. सेल्मरही तेच करायचा. फक्त त्याच्याकडे एक पिवळं विमान होतं.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराचं. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, कापडावर रोगण. शेपटीखाली छोटंसं चाक, त्यामुळे जमिनीवर ते कायम नाक वर करून बसलेलं. समोरचं काही दिसायचं नाही, म्हणून शेतातून नागमोडी चालवत न्यायचं. आत एकामागे एक दोन खुर्च्या. माणूस एकटा असेल तर त्यानं मागं बसायचं, नाहीतर तोल जातो. पुढची खुर्ची रिकामी ठेवून उडायचं, अशी त्या विमानाची रीतच.

सेल्मरची पुढची खुर्ची मात्र क्वचित रिकामी असायची. तिथं त्याचा एकुलता एक मुलगा कर्टिस बसायचा. विमान सुरू करायला पंखा हातानं फिरवावा लागे. कर्टिस आत बसून टाचांनी ब्रेक दाबून धरी, सेल्मर पंखा ओढी, आणि इंजिन खोकत सुरू झालं की वाकून मागच्या खुर्चीत चढे. मग वर गेल्यावर सगळा वेळ त्याच्यासमोर पोराचं डोकं.

"ओर्लिन," तो मला एकदा म्हणाला होता, "बाकीच्या बापांना पोराचा चेहरा पाठ असतो. मला मान पाठ आहे."

कर्टिस सतरा वर्षांचा असताना ऑक्टोबरात गेला. मक्याच्या लोखंडी कोठीत दाण्यांचा वरचा थर घट्ट चिकटला होता, तो फोडायला आत उतरला. खालून मका उपसणारं यंत्र चालूच होतं. दाणे पायाखालून सरकले आणि तो आत ओढला गेला. त्याची आई आर्डिस त्याला जेवायला हाक मारायला गेली, तेव्हा कोठीपाशी ट्रक भरून सांडत होता आणि माणूस कुठंच नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून कोठीचा पत्रा कापला. त्याबद्दल मी आणखी काही सांगणार नाही. सेल्मर त्या दिवशी विमान घेऊन बाहेर गेला होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

तो सगळा हिवाळा त्यानं विमानाच्या शेडचं दार उघडलं नाही. जूनमध्ये एक दिवस मी त्याच्याकडे पान्हा मागायला गेलो, तर विमान बाहेर काढलेलं. ब्रेक धरायला आता आत कुणी नव्हतं, म्हणून त्यानं शेपटी दोरीनं खुंटाला बांधली होती.

"मी बसू का आत?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "पुढं कुणी नको."

त्यानं पंखा ओढला. इंजिनाला पेट्रोल सोडणारं थ्रॉटल जरा जास्तच उघडं राहिलं असावं. इंजिन एकदम गरजलं, दोरी जुनी होती ती तुटली, आणि विमान निघालं. सेल्मर पंखाखालच्या दांडीला लोंबकळला, फरफटला, सुटला. आम्ही दोघं गवतात धावतोय आणि समोर ते रिकामं विमान शेपटी उचलतंय, चाकं उचलतंय, कुंपणावरून जातंय.

ते वर गेलं आणि हळूहळू डावीकडे वळत राहिलं. मोठाले फेरे घेत, आमच्या घरांवरून, चर्चवरून, नदीवरून. लोक रस्त्यात गाड्या थांबवून बघत होते. बऱ्याच वेळानं पेट्रोल संपलं, आवाज बंद झाला, आणि ते हॉल्व्हर्सनच्या जवसाच्या शेतात उतरलं. चाकाची एक दांडी वाकली. बाकी काही नाही.

कॉफीच्या दुकानात पुढचा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "सेल्मर, तू बसलेला असलास की ते बेडकासारखं उड्या मारत उतरतं," म्हातारा हॉल्व्हर्सन म्हणाला. "रिकामं गेलं तर लोण्यात सुरी जावी तसं टेकलं. तूच खाली राहत जा बाबा!" सेल्मरसुद्धा हसला.

पण आर्डिस हसली नव्हती. त्या दिवशी विमान घरावरून अगदी जवळून गेलं तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्ही शेतात विमानापाशी उभे असताना ती चालत आली, ओले हात तसेच.

"ते रिकामं नव्हतं," ती म्हणाली. "पुढं कर्टिस होता."

तिचा आवाज अगदी रोजचा. दूध संपलंय म्हणून सांगावं तसा.

"आर्डिस, ऊन होतं, काचेवर चमकलं असेल," मी म्हणालो.

"ओर्लिन, मी त्याला जन्म दिलाय. मला ऊन कळतं आणि तोही कळतो."

सेल्मरनं फक्त एकच विचारलं. "चेहरा दिसला?"

"हो."

त्यानंतर चाकाची दांडी सरळ करून सेल्मर रोज संध्याकाळी उडायला लागला. कुठं जायचं नाही, यायचं नाही. वर जाऊन घिरट्या घालायच्या. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर नजर लावून तो बसायचा, हे त्यानं मला नंतर सांगितलं. कधी त्याला वाटे, विमान वळवायचा दांडा हातात जरासा हलला. दोन्ही खुर्च्यांपुढचे दांडे एकमेकांना जोडलेले असतात ना. मग कळे, वारा आहे. तो बारीक होत चालला होता. आर्डिसला त्यानं पुन्हा काही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, पण एका टेबलाशी जेवताना तो तिच्याकडे असा बघायचा, जणू तिनं घरातली एखादी वस्तू लपवून ठेवलीय.

सप्टेंबरात एका वारा नसलेल्या संध्याकाळी मी ट्रॅक्टर घेऊन परतत होतो. झाडांच्या पलीकडे इंजिनाचा आवाज आला. बघतो तर विमान गवतात उभं, पंखा फिरतोय, आत कुणी नाही, आणि सेल्मर दोन्ही हातांनी पंखाखालची दांडी धरून बाजूला उभा. दोरी बांधलेलीच नव्हती.

"सेल्मर!" मी ओरडलो.

त्यानं आत हात घालून थ्रॉटल पुढं सारलं आणि विमान सोडून दिलं.

या खेपेला ते उडालं नाही. सुरुवातीलाच डावीकडे भरकटलं, गर्रकन वळलं आणि झाडांच्या रांगेत घुसलं. डावा पंख मोडला, उजव्याचं कापड फाटून लोंबायला लागलं. मी जाऊन इंजिन बंद केलं आणि परत येऊन त्याची कॉलर धरली.

"डोकं फिरलंय का तुझं? या रस्त्यानं पोरांची बस जाते!"

"तिला दिसला," तो म्हणाला. "ती आई, मी बाप. विमान तेच, तसंच रिकामं सोडलं. मला का नाही रे दिसत?"

मी कॉलर सोडली.

त्यानं विमान भंगारात घालावं असं सगळ्यांनाच वाटलं. त्यानं ते शेडमध्ये ओढून नेलं, लाकडी फासळ्या जोडल्या आणि दोन्ही पंखांवर नवं कापड चढवलं. कापड फासळ्यांना शिवावं लागतं. पंख भिंतीसारखा उभा करायचा, एका बाजूनं हातभर लांब सुई आरपार खुपसायची, दुसऱ्या बाजूच्या माणसानं ती ओढून, गाठीपुरतं अंतर सोडून परत पाठवायची. एकट्याचं काम नाही ते. मी जायचो, पण माझी बोटं जाड, गाठी ढिल्या. जानेवारीत एका दुपारी शेडचं दार उघडलं आणि आर्डिस आत आली. त्या दारातून ती आत येत नसे.

"सरक, ओर्लिन," ती म्हणाली. "पोतं शिवतोयस की काय?"

मी घरी गेलो. पुढचं सेल्मरनं सांगितलेलं.

मधे पंख, त्यामुळे ती त्याला दिसत नव्हती. नुसती सुई यायची आणि जायची. बऱ्याच वेळानं तो कापडाकडे बघत बोलला. "त्या दिवशी मी घरावरून गेलो होतो. कोठीपाशी ट्रक दिसला, यंत्र चालू दिसलं. मला वाटलं, पोरगा कामाला लागलाय. शाबास म्हणून मी पंख हलवले आणि पुढं गेलो. तेव्हा तो आत होता, आर्डिस."

सुई पलीकडे गेली होती, ती परत आली नाही.

मग पलीकडून आवाज आला. "मी खिडकीतून बघितलं होतं. तू पंख हलवलेस तेव्हा मी फडकं हलवलं. मला वाटलं मला हलवलेस."

थोड्या वेळानं सुई आली. त्यानं ती ओढली, गाठ मारली, परत पाठवली. अंधार पडेपर्यंत दोघांनी तो पंख पुरा केला. रोगणाचा पहिला हात तिनंच दिला. त्या वासानं डोकं दुखतं म्हणून कुरकुरलीही.

वसंतात तपासनीस येऊन सही करून गेला आणि विमान पुन्हा उडायला लागलं. सेल्मर आता संध्याकाळचा उडत नसे. ऑक्टोबर लागला, सगळीकडे मक्याची काढणी सुरू झाली, आणि तो सकाळपासून हवेत. विमानाचं दार उघडं टाकून, बाजूनं वाकून, खाली बघत.

एकदा मी कोठीपाशी ट्रक भरत होतो. यंत्र चालू ठेवून मागच्या बाजूला गेलो. पिवळं विमान डोक्यावरून गेलं, वळलं, पुन्हा गेलं आणि कापलेल्या मक्यात धडधडत उतरलं. सेल्मरनं इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला आणि धावत सुटला. मी पँट सावरत बाहेर आलो.

"कुठं होतास?" तो किंचाळला.

"लघवीला! त्यालाही आता तुझी परवानगी लागते का?"

तो तिथंच जमिनीवर बसला. मी यंत्र बंद केलं आणि थर्मासमधली कॉफी त्याच्या हातात दिली.

"आवाज आला की बाहेर ये," तो म्हणाला. "हात वर कर. तेवढंच कर."

आम्ही तसंच करायला लागलो. आधी थोड्या शिव्या घातल्या लोकांनी. उभ्या पिकात उतरला तर गोळी घालीन, असंही कुणी म्हणालं. पण हळूहळू सगळ्या शायेनकाठी ते अंगवळणी पडलं. ऑक्टोबरात वर घरघर ऐकू आली की यंत्र बंद करून उघड्यावर यायचं आणि हात वर करायचा. तो एक फेरी मारून पुढच्या शेताकडे जायचा. कुणी हात वर केला नाही, तर करेपर्यंत घिरट्या घालायचा. त्याच्यामुळे कुणाचा जीव वाचला का, असं बाहेरचे लोक विचारतात. नाही वाचला. तशी वेळच आली नाही.

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगून त्याचं उडणं बंद केलं, तेव्हा त्यानं विमान फार्गो शहराकडच्या एका शिक्षकाला विकलं. पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात आम्ही तिघं लेफ्सेवर, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पातळ पोळीवर, लोणी-साखर लावून खात बसलो होतो. मी विचारावं की न विचारावं करत शेवटी विचारलं, "कधी दिसला का रे?"

"नाही," सेल्मर म्हणाला. "एकदाही नाही."

आर्डिसनं त्याच्या कपात कॉफी ओतली. "मला अजून कपडे वाळत घालताना मान वर करवत नाही," ती म्हणाली. "दिसणं म्हणजे काय सुख असतं, असं वाटतं की काय तुला?"

सेल्मरनं तिच्याकडे बघितलं. मग लेफ्सेची एक गुंडाळी करून त्यानं तिच्या ताटलीत ठेवली, आणि आम्ही गव्हाच्या भावाबद्दल बोलायला लागलो.