दरीपलीकडचं गाव

सौदीतल्या ताइफच्या एका इस्पितळात मी बायकांच्या वॉर्डची इनचार्ज नर्स होते, तेव्हा माझ्या खोलीत मिझोरमची एक मुलगी राहायला आली. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, फिलिपिन्समध्ये कुठली? बॅग उघडता उघडता ती थांबली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली की मीही इंडियाचीच. श्रीवर्धनच्या शाळेत मी ईशान्येकडची राज्यं राजधान्यांसकट पाठ केली होती. तिथलं माणूस कसं दिसतं, ते कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तिने मनात काही ठेवलं नाही. चार दिवसांत मला दीदी म्हणू लागली. ताइफ उंचावर, हवा थंड, त्यामुळे तिला इथे बरं वाटायचं. पण हे डोंगर सोलून ठेवल्यासारखे उघडे, म्हणायची. तिच्याकडचे बांबूने झाकलेले. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, आणि मधल्या दऱ्यांत नद्या. सपाट जमीन इतकी कमी की फुटबॉलचं मैदानसुद्धा डोंगर कापून करायचं. गावं माथ्यावर आणि पाणी तळाशी, म्हणून घराघराच्या पत्र्याला पन्हळ आणि तिच्याखाली टाकी. रस्त्यावरून दारात शिरलं की आपण वरच्या मजल्यावर असतो. बाकीचं घर खाली उतारावर, खांबांवर उभं. तिचं गाव पार पूर्वेला, म्यानमारच्या अंगाला होतं. वडील लहानपणीच गेले होते. आईने उतारावर भात आणि आलं पिकवून तिला आणि तिच्या भावाला शिकवलं.

एकदा येईन तुझ्या घरी, असं मी म्हटलं तर ती हसली. तिच्या राज्यात जायला आपल्यालाही परवाना काढावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या दिवसांत, एका सोमवारी ती माझ्या टेबलापाशी आली. आईला ताप होता, उतरत नव्हता. तिला रजा हवी होती. त्या आठवड्यात वॉर्डमध्ये दोन नर्स कमी होत्या आणि ड्यूटी चार्ट माझ्या हातात होता. मी म्हटलं, "पावसाळी ताप असेल, उतरेल. एक आठवडा थांब, नवीन मुली आल्या की तुला सोडते."

ती थांबली. तिने एकदाही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी भावाचा फोन आला. आईच्या छातीत पाणी झालं होतं आणि तिला ऐझॉलला हलवण्यासारखी स्थिती नव्हती. मी स्वतः ऑफिसात जाऊन बसले, दुपारपर्यंत तिचा देशाबाहेर जाऊन परत यायचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा काढून घेतला आणि टॅक्सीने तिला जेद्दापर्यंत सोडलं. तिथून मुंबई, कोलकाता, ऐझॉल. बुधवारी दुपारी ती ऐझॉलला उतरली. डोंगरातल्या रस्त्याने गाव अजून आठ तास होतं आणि अंधारात जायला एकही जीपवाला तयार होईना. त्याच रात्री आई गेली.

गुरुवारी सकाळी मी वॉर्डमध्ये औषधं वाटत होते. तिचा फोन आला. तिच्याकडे दुपारचे बारा वाजले होते. ती उजाडायच्या आधीच जीपने निघाली होती, पण रात्री दरड कोसळून पुढचा रस्ता बंद झाला होता, माती अजून घसरत होती आणि पोलीस पायीही कुणाला पुढे सोडत नव्हते.

"गाव समोर दिसतंय, दीदी," ती म्हणाली. "चर्च दिसतंय. आमचे पत्रे दिसताहेत."

मध्ये दरी होती. खाली नदीपर्यंत उतरून पलीकडे चढायला पायवाटेने दिवस गेला असता, आणि नदीला पूर होता. भाऊ विचारत होता, उद्यापर्यंत थांबू का. गावातल्या पोरांनी सकाळीच कबर खणून ठेवली होती.

आम्हा मुसलमानांतही मय्यत जास्त वेळ ठेवत नाहीत. तरीही माझ्या तोंडून थांबायला सांग असंच निघालं.

"नको," ती म्हणाली. "तिला माझी वाट बघत ठेवू नका, असं मी त्याला सांगितलं."

फोन चालूच राहिला. तिकडून माणसांचे, गाड्यांचे आवाज येत होते. मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली की चर्चची घंटा वाजतेय, इथवर ऐकू येतेय. मी हातात गोळ्यांचा ट्रे धरून उभी होते. एका पेशंटने मला खुर्ची आणून दिली.

दुसऱ्या दिवशी ती गावात पोचली. महिन्याने परत आली, आणि दोन दिवसांनी मीच विषय काढला. मी तुला सोडायला हवं होतं, म्हटलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली की दरडीला काय दीदी, ती कधीही पडते. मला वाईट वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ती रजा मागायला आली त्या सोमवारपासून पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत रस्ता उघडा होता. तो जुना ड्यूटी चार्ट काढून मी ते दिवस मोजले होते.

करार संपल्यावर ती गेली. आता तिकडच्याच एका लहान दवाखान्यात काम करते. ईदला तिचा फोन येतो, नाताळला माझा जातो. आईचं नाव ती काढत नाही, आणि मला विचारायचा धीर होत नाही.